एका तारेत शिकायचं काय?

"एकच तार, त्यात दोन वर्षं काय शिकतेस?"

हे मला लग्नाकार्यात मावश्या विचारतात, कॉलेजात गिटार वाजवणारी मुलं विचारतात, आणि मी गच्चीवर बांबू तासत बसलेली असते तेव्हा पाण्याची टाकी बघायला आलेले वॉचमनकाकाही विचारतात. प्रश्न खोचक नसतो. आपल्या बोलण्यातच तुणतुण्याला मान नाही. कुणी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगू लागलं की आपण म्हणतो, लावलं याने तुणतुणं. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट सांगते.

मी सतरा वर्षांची असताना धायरीला चुलतभावाच्या लग्नाचा गोंधळ होता. चौक मांडलेला, पाच ऊस उभे केलेले, एकेका देवाला नाव घेऊन 'गोंधळाला ये' अशी हाक चाललेली. संबळ इतका जोरात होता की तुणतुण्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं, माझंही नव्हतं. मध्येच त्याची तार तुटली. संबळ थांबला नाही, झांज थांबली नाही, गाणं थांबलं नाही. पण गाणाऱ्याचा हात कानावर गेला. दोन-तीन ओळी ते तसेच गायले, आणि प्रत्येक ओळीची सुरुवात चाचपडत होत होती. मागच्या माणसाने झोळीतून तारेचं वेटोळं काढलं, नवी तार ओवली, खुंटी पिळली, आणि पहिला 'तुण' वाजताच गाणाऱ्याचा हात कानावरून खाली आला. मी त्या हाताकडेच बघत राहिले होते.

तेच तुणतुणंवाले काका आता मला शिकवतात. पर्वतीच्या पायथ्याशी राहतात. शिकवा म्हणून गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "तुझ्याकडं हाय का?" नाही म्हटलं. "मग आदी बनीव."

वरून पाहिलं तर रचना अगदी साधी आहे. दोन्ही बाजूंनी उघडं नळकांडं घ्यायचं, खालच्या तोंडावर कातडं मढवायचं. नळकांड्याला बाहेरून बांबूची काठी पक्की करायची, काठीच्या वरच्या टोकाला खुंटी. कातड्याच्या मधोमध बारीक भोक पाडून तार नळकांड्यातून वर न्यायची आणि खुंटीला गुंडाळायची. बस. मला वाटलं, रविवारी दुपारी होऊन जाईल.

पहिलं मी चहापत्तीच्या पत्र्याच्या डब्याचं केलं. कातडं नव्हतंच, डब्याचा तळ तसाच ठेवला. काठी मच्छरदाणीची, तार सायकलच्या ब्रेकच्या केबलमधून उलगडलेली. केबलमध्ये बारीक तारा पिळलेल्या असतात, त्यातली एक सोडवली की फुकट पोलादी तार मिळते. पण ती पीळ विसरत नाही. कितीही ताणली तरी नागमोडी राहते आणि करकरते. आणि काठी! खुंटी पिळत गेले तशी ती धनुष्यासारखी वाकत गेली. मी पिळतेय आणि सूर जागचा हलत नाही, कारण ताण तारेत जायच्या ऐवजी काठीच्या वाकण्यात जात होता. त्या दिवशी कळलं की तारेपेक्षा काठी महत्त्वाची. मग बुरुड आळीत जाऊन जाड भिंतीचा, नीट वाळलेला बांबू आणला. ओला बांबू नंतर आकसतो आणि तडकतो.

बांबू मिळाला तर तो खुंटीच्या भोकाशी फाटला. ड्रिलने भोक पाडलं होतं आणि तेही टोकाच्या अगदी जवळ. काकांनी दाखवलं तसं पुढच्या वेळी भोकाच्या वर एक पेर राखलं, म्हणजे चीर गेली तरी पेराशी अडते. भोक तापलेल्या सळईने पाडलं आणि वरखाली मेणाचा दोरा घट्ट गुंडाळला. खुंटी निमुळती तासायची, भोकही तसंच निमुळतं करायचं. तरी ती सरकते. मग खडू घासायचा. शाळेचा साधा पांढरा खडू. यावर माझे तीन आठवडे गेले आणि त्याचं मला जराही वाईट वाटत नाही.

कातड्याची गोष्ट आईला विचारा. बकऱ्याचं कातडं आदल्या रात्री पाण्यात भिजत घालावं लागतं, आणि आमचं घर दोन खोल्यांचं. त्याआधी मी गणपतीत ढोलताशा पथकातून टाकून दिलेलं ताशाचं फायबरचं पान प्लास्टिकच्या पाइपावर लावून पाहिलं होतं. आवाज कडक, टोचणारा, आणि भोकाशी पान फाटत गेलं. म्हणून कातडंच. पहिलं भिजवलेलं कातडं मढवून मी उत्साहाने भर उन्हात ठेवलं. दुपारी टर्रकन फाटलं. ते सावलीत, हळूहळू वाळू द्यायचं असतं. आणि तार कातड्याला थेट बांधायची नाही, नाहीतर ती कातडं कापत वर येते. बाहेरून, खालच्या बाजूला चामड्याचा छोटा वायसर द्यायचा, गाठ त्याच्यावर बसवायची. मी एकदा शर्टाचं बटण लावलं होतं, तेही चाललं.

पाचवं तुणतुणं वाजलं. खरोखर वाजलं. घेऊन गेले तर काकांनी ते दोन्ही हातांत फिरवून पाहिलं, एकदा छेडलं आणि म्हणाले, "आता शिकायला ये."

आता तुमचा प्रश्न. वाजवायचं काय, तर एकच सूर. पण तो कुणाचा? गाणाऱ्याचा. आज एक जण पेटीच्या काळी एक पट्टीत गातो, उद्या दुसरा तिच्याहून उंच काळी तीनमध्ये. मी फोनवरच्या ट्यूनरचा काटा बघून लावायला गेले तर काका म्हणाले, "फोन गानार हाय का? त्याच्या गळ्याकडं बघ." गाणारा पहिली हाक मारतो, तेवढ्या अवधीत खुंटी फिरवून त्याच्यापाशी पोचायचं. तारेची लांबी तीच राहते, त्यामुळे सगळी मदार ताणावर. सूर एक सप्तक वर न्यायचा तर ताण दुप्पट करून भागत नाही, चौपट लागतो. काळी एकवरून काळी तीनवर जायचं तरी जवळजवळ पावणेदोनपट. ते बळ बांबू, खुंटी, कातडं, गाठ सगळ्यांनी मिळून पेलायचं. कॉलेजच्या पुस्तकात हे सूत्र मी आधीच पाठ केलं होतं, पण ते मनगटात आलं ते खुंटीमुळे.

पुढे मूठ. बांबू जरा आवळून धरला की तो आत वाकतो आणि सूर उतरतो. सुरुवातीला मी घाबरून घट्ट धरायची, आणि प्रत्येक वेळी लय वाढली की माझा सूर खाली यायचा. बोटाची लय संबळाबरोबर, मूठ मात्र सैल, आणि हे तासन् तास. रात्रीच्या गोंधळात तीन तासांनंतर दंड भरून येतो तेव्हा मूठ आपोआप आवळते. हे अजून मला पूर्ण जमलेलं नाही.

ताण हातातच असावा अशी एक वेगळी युक्ती चौंडक्यात आहे. यल्लम्माचे जोगती-जोगतिणी वाजवतात ते. तिथे काठीच नाही. तारेचं मोकळं टोक मुठीत धरून ओढायचं, सैल सोडायचं, आणि सूर माणसाच्या बोलण्यासारखा वरखाली जातो. राजस्थानात मेवातकडचं भपंग आणि बंगालच्या बाउल गायकांचं खमक ही वाद्यं याच कुळातली. मी नारळाच्या करवंटीचं एक चौंडकं केलंय, धाकट्या भावाने ते ताब्यात घेतलंय. एकतारीही केली, कडू भोपळ्याची. दांडीवर ६० सेंटिमीटरची तार बांधून खुणा केल्या: ४५ वर मध्यम, ४० वर पंचम, ३० वर वरचा षड्ज. एका तारेत हे सगळं आधीपासून असतं, आपण बोट ठेवून फक्त निवडतो, हे त्या संध्याकाळी उमगलं आणि मी कितीतरी वेळ पंचमावरच थांबून राहिले. बाजीराव रोडजवळच्या केळकर संग्रहालयात वाद्यांचं दालन आहे, तिथे मी आता काचेला नाक लावून खुंट्या बघत उभी राहते.

आणखी एक सांगायचंय. आषाढीच्या आधी पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात तेव्हा भवानी पेठेत जाऊन दिंडीतले वीणेकरी बघा. ते वीण्यावर कुठलीही धून वाजवत नाहीत. मोकळ्या तारा छेडत चालतात. आणि दिंडीतली माणसं त्यांच्याच पाया पडतात. सप्ताहात तर तो वीणा अहोरात्र हातातून हातात जातो, खाली टेकवत नाहीत. एकच सूर धरून ठेवणाऱ्याला आपल्याच लोकांनी एवढा मान दिलाय, आणि तुणतुण्याच्या बाबतीत मात्र तो आपल्याला आठवत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

गेल्या पावसाळ्यात कात्रजला एका घरी गोंधळ होता. काकांचा गुडघा दुखत होता म्हणून तुणतुणं माझ्याकडे. बाहेर धो धो पाऊस, आणि ओल्या हवेत कातडं सैल पडतं, तारेचा ताण जातो, सूर हळूहळू बसत जातो. मांडवात शिरण्याआधी मी ते गॅसच्या शेगडीपासून हातभर लांब धरून शेकून घेतलं. तरी अर्ध्या तासात उतरलंच. गाणारे श्वास घ्यायला थांबत, तेवढ्यात मी खुंटीला निमूट केसभर पीळ द्यायची. रात्रभरात किती वेळा दिला, मोजलं नाही. त्यांचा हात कानावर एकदाही गेला नाही.

काका दरवेळी सुरू करण्याआधी माझ्या तारेवर स्वतः एकदा बोट मारून बघतात. पुढच्या गोंधळाला त्यांनी बघितलं नाही. संबळावर काठी पडली, आणि मी लावून घेतलेल्या सुरावर गाणाऱ्यांनी सरळ पहिली हाक मारली.