गुळाच्या पाकाचा तापमापक : ऑप-अँपच्या आउटपुटचा हिशेब

करवीर तालुक्यातील एका परिचित गुऱ्हाळासाठी पाकाचे तापमान दाखवणारा मीटर करण्याचे काम आता ऑप-अँपच्या, म्हणजे दोन इनपुटांतील व्होल्टेजचा फरक वाढवणाऱ्या वर्धकाच्या, टप्प्यावर आले आहे. गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, पाण्यात पाकाची गोळी करून काहील उतरवण्याची वेळ ठरवतो, आणि त्याच्या नजरेला पर्याय देण्याचा माझा हेतू नाही; मात्र काहील साधारण ११६ ते ११८ अंश सेल्सिअसला उतरते आणि त्या शेवटच्या अंशांत मीटरचा काटा ठळकपणे सरकावा, एवढीच अपेक्षा आहे.

सेन्सर एलएम३५ आहे. तो अंशाला १० मिलीव्होल्ट देतो, म्हणजे ११८ अंशांना १.१८ व्होल्ट. दुकानांत सहज मिळणारा प्लॅस्टिकचा एलएम३५डीझेड १०० अंशांपर्यंतच चालतो, त्यामुळे धातूच्या टोपीचा, १५० अंशांपर्यंत चालणारा प्रकार मिळवावा लागला. या व्होल्टेजमधून स्थिर संदर्भ व्होल्टेज वजा करून उरलेला फरक दहापट करायचा, असा आराखडा आहे. संदर्भ १.०० व्होल्ट घेतला असता, तर गणित सोपे झाले असते, परंतु कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच असल्याने इथे पाणी सुमारे ९८ अंशांनाच उकळते, आणि मग उकळत्या पाण्यात मीटर तपासताना आउटपुट शून्यावरच राहिले असते. म्हणून संदर्भ ०.९० व्होल्ट ठेवला. आता ९८ अंशांना ०.८० आणि ११८ अंशांना २.८० व्होल्ट मिळायला हवेत, म्हणजे ९० च्या वर दर अंशाला ०.१ व्होल्ट.

वजाबाकी करून फरक वाढवणाऱ्या या मंडलात, म्हणजे फरक-वर्धकात, दोन्ही बाजूंना १० आणि १०० किलोओहमच्या जोड्या आहेत. नॉन-इनव्हर्टिंग (+) इनपुटवर सेन्सरच्या १.१८ चा १००/११० भाग, म्हणजे १.०७३ व्होल्ट येतो. निगेटिव्ह फीडबॅक, म्हणजे आउटपुट रोधातून इनव्हर्टिंग (−) इनपुटकडे परत जोडलेले, असल्याने ते इनपुटही त्याच व्होल्टेजवर येते, आणि इनपुटमध्ये प्रवाह जवळजवळ जात नसल्याने १० किलोओहममधला प्रवाह तोच १०० किलोओहममधून वाहतो. त्या नोडचे समीकरण सोडवले की २.८० व्होल्ट मिळतात. मात्र हे उत्तर संदर्भाचा स्वतःचा रोध शून्य धरून आलेले आहे, आणि पुष्कळ आकृत्यांत संदर्भाचा विभाजक (पुरवठ्याचा ठरावीक भाग देणारी दोन रोधांची जोडी) थेट वर्धकाला जोडलेला दिसत असल्यामुळे मी तीच जोडणी कागदावर तपासली.

५ व्होल्टवरून ८२ आणि १८ किलोओहमच्या विभाजकाने बरोबर ०.९० व्होल्ट मिळतात, पण त्याचा थेवेनिन रोध, म्हणजे पुढच्या मंडलाला जाणवणारा त्याचा स्वतःचा रोध, १४.७६ किलोओहम भरतो. तो १० किलोओहममध्ये मिळवला की त्या शाखेत २४.७६ किलोओहम होतात आणि ११८ अंशांना आउटपुट २.८० ऐवजी १.७७ व्होल्ट येते. म्हणजे मीटर १०७.७ अंश दाखवील, आणि तो ११८ दाखवेपर्यंत पाक करपण्याच्या बेतात असेल. याहून लक्षवेधक गोष्ट अशी, की हाच हिशेब ९८ अंशांना केला तर ०.८५ व्होल्ट येतात, फरक जेमतेम अर्ध्या अंशाचा. तेव्हा केवळ उकळत्या पाण्यावर तपासून समाधान मानणाऱ्याला हा दोष कधीच दिसणार नाही. इथे वापरलेल्या एलएम३५८ या चिपमध्ये दोन ऑप-अँप असतातच, त्यांतील दुसरा व्होल्टेज फॉलोअर म्हणून (तेच व्होल्टेज, पण जवळजवळ शून्य रोधाने पुढे देणारा) विभाजकानंतर बसवला की आउटपुट पुन्हा २.८० वर येते.

सेन्सरच्या बाजूलाही असाच एक सापळा आहे. लांब केबलच्या धारितेमुळे एलएम३५ चे आउटपुट वरखाली डोलू लागू नये, म्हणून त्याच्या आउटपुटला २ किलोओहमचा रोध क्रमाने जोडण्याची शिफारस उत्पादकाच्या डेटाशीटमध्ये आहे. पण इथे तो १० किलोओहमला मिळून आउटपुट २.५९ वर आणतो, म्हणजे दोन अंशांची घट. त्यामुळे डेटाशीटमधलाच दुसरा उपाय घेतला : आउटपुट आणि ग्राउंड यांच्यामध्ये ७५ ओहम व १ मायक्रोफॅरड क्रमाने.

५ व्होल्टच्या पुरवठ्यावर एलएम३५८ चे आउटपुट साधारण ३.५ व्होल्टपर्यंतच चढते, म्हणून १२५ अंशांच्या वर वरील समीकरण लागू राहत नाही. ९० अंशांखाली ते शून्याजवळ टेकते आणि तिथेही दोन्ही इनपुट समान असल्याचे गृहीतक सुटते. शून्याजवळ ही चिप साधारण काही दहा मायक्रोअँपिअर एवढाच प्रवाह ओढून घेऊ शकते. फीडबॅकमधून येणारा प्रवाह इथे सुमारे ८ मायक्रोअँपिअर असल्याने अडचण नाही, परंतु १ आणि १० किलोओहमच्या जोड्या वापरल्या असत्या तर तो दहापट होऊन आउटपुट खाली पुरते उतरलेच नसते. ऑफसेट व्होल्टेज, म्हणजे दोन इनपुटांतील चिपची अंगभूत चूक, २ मिलीव्होल्ट धरले, तर ते अकरापट होऊन २२ मिलीव्होल्ट, म्हणजे पाव अंशाहून थोडे कमी. ते मी सोडून दिले आहे.

सोडता येत नाही तो पुरवठा. ५ व्होल्टचा पुरवठा देणाऱ्या ७८०५ या रेग्युलेटर चिपचे आउटपुट ४.८ ते ५.२ व्होल्टच्या दरम्यान कुठेही असू शकते, त्यानुसार संदर्भ ०.८६४ ते ०.९३६ पर्यंत सरकतो आणि मीटर दोन्ही बाजूंना साडेतीन अंशांहून अधिक चुकतो. कायम राहणारा फरक प्रीसेटने (फिरवून जुळवायच्या रोधाने) काढता येईल, पण पुरवठा तापून सरकला तर प्रीसेटही निरुपयोगी, म्हणून पुढच्या टप्प्यात विभाजकाला टीएल४३१ या संदर्भ-चिपच्या २.५ व्होल्टवरून पोसणार आहे आणि त्यासाठी ८२ किलोओहमच्या जागी ३२ किलोओहम लागतील.