चौतीसपैकी दोन

मे महिन्यातली दुपार होती. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आमच्या गॅरेजच्या दारात टोईंगवाल्याने एक करडी हायब्रिड सेडान उतरवली, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि इलेक्ट्रिक मोटर दोन्हींवर चालणारी. 2013 चं मॉडेल, सव्वा लाख किलोमीटर झालेलं. पाठोपाठ मालक रिक्षाने आले. आदल्या दिवशी आईला जुन्नरला सोडायला निघाले होते. माळशेज चढताना डॅशबोर्डवर लाल त्रिकोण लागला आणि गाडीचा जोर गेला. आजींच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं, त्यांना दुसऱ्या गाडीने घरी परत आणावं लागलं.

एका वर्कशॉपने स्कॅन करून एस्टिमेट दिलं होतं: मोटर चालवणारी मोठी बॅटरी, म्हणजे पूर्ण बॅटरी पॅक, चार लाख दहा हजार. गाडीच तीन वर्षांपूर्वी सहा लाखांना घेतलेली. "दादा, भंगारात काढू का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आधी उघडून बघू.

स्कॅनरवर बिघाडाचा कोड होता पी-झिरो-ए-एटी. त्याचं नावच 'हायब्रिड बॅटरी पॅक बदला' असं आहे, म्हणून ऐकणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. पण हा कोड येतो तो बॅटरीच्या भागाभागांतल्या व्होल्टेजचा फरक मर्यादेबाहेर गेला की. सगळीच बॅटरी मेली, असं तो सांगत नाही. मी आधी डिकीतली बारा व्होल्टची साधी बॅटरी तपासली. ती उतरली असली तरी हायब्रिड गाडी नाही नाही त्या वॉर्निंग दाखवते, आणि दहा-बारा हजारांत सुटणाऱ्या कामाची लोक धास्ती घेऊन बसतात. ती ठणठणीत निघाली.

मग मोठ्या बॅटरीची जोडणी तोडणारा नारिंगी सर्व्हिस प्लग काढला आणि घड्याळ लावून दहा मिनिटं थांबलो. आमच्या नव्या पोराला घाई झाली होती. त्याला जवळ बसवून सांगितलं, "बॅटरीची वीज मोटरला देणाऱ्या इन्व्हर्टरच्या कपॅसिटरमध्ये अजून करंट असतो. आणि प्लग काढला म्हणजे पॅक फक्त मधोमध तुटला. 245 व्होल्टचे दोन तुकडे झाले, प्रत्येक तुकडा अजून जिवंत आहे. हातमोजे घातल्याशिवाय बोटसुद्धा लावायचं नाही." या बाबतीत मी कुणाचंच ऐकत नाही.

सीट काढली आणि खरा प्रकार दिसला. मागच्या सीटजवळच्या जाळीतून पंखा केबिनमधली हवा ओढतो आणि त्या हवेवर बॅटरी थंड राहते. त्या पंख्याच्या पात्यांवर बोटभर जाडीचा थर होता. चिमटीत धरून ओढला तर नमद्यासारखा अखंड निघाला: लाल, हिरवे, पिवळे धागे, त्यात धूळ. मालक बघतच राहिले. "ही तर आईची गोधडी!" आजींना बसवत नाही म्हणून मागच्या सीटवर गोधडी अंथरून ते त्यांना आडवं नेत होते. जुन्या लुगड्यांची ती गोधडी तीन वर्षं जाळीवर पडून झिजत होती.

मीटर घेऊन मॉड्यूल, म्हणजे पॅकमधले सुटे भाग, एकेक करून व्होल्टमध्ये मोजायला बसलो. निकेल-मेटल हायड्राइडची एकूण 34 मॉड्यूल, प्रत्येकात सहा सेल. 7.9, 7.9, 7.8, 7.9... सतराव्याला 6.6. म्हणजे आतला एक सेल गेला. एकोणिसावं दिसायला ठीक होतं, पण हेडलाइटचा 55 वॅटचा बल्ब लावताच दोन मिनिटांत बसलं. दोन्ही मधलीच, कारण गरम हवा मध्येच कोंडते. तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवा गंज चढलेला, तोही घासून काढला.

दोन जुनी, तपासलेली मॉड्यूल मिळवली आणि सगळी समांतर जोडून रात्रभर ठेवली, म्हणजे एका पातळीला यावीत. सगळा खर्च सव्वीस हजार झाला. त्यांना स्पष्ट सांगितलं, "बाकीची बत्तीसही तेवढीच म्हातारी आहेत. वर्षभर चालेल, कदाचित दोन. पैसे बाजूला टाकत राहा, पुढच्या वेळी पूर्ण पॅकच घ्यावा लागेल." असं न सांगता मॉड्यूल बदलून देणं मला पटत नाही. ब्रेक पॅड अजून निम्मे शिल्लक होते. वेग कमी करायचं बरंचसं काम मोटर करते, म्हणून ते टिकतात. पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिना मात्र न हलून धरल्या होत्या, त्या साफ करून ग्रीस केल्या.

दुसऱ्या दिवशी घोडबंदर रोडने गायमुखचा चढ दोनदा चढवून आणला. शेजारी पोरगा स्कॅनर धरून आकडे वाचत होता. आल्या दिवशी बॅटरीच्या मधल्या भागाचं तापमान 52 अंश होतं. या वेळी 39 च्या वर गेलं नाही.

संध्याकाळी गाडी न्यायला आजीही आल्या. काठी टेकत मागच्या दाराशी उभ्या राहिल्या. "माझ्यामुळं झालं का रे हे?" मी म्हटलं, "नाही आजी, जाळी कुठं असते हे कुणी सांगितलंच नव्हतं तुम्हाला." स्कॅनरवरून पंखा फुल केला आणि त्यांचा हात जाळीपाशी नेला. त्या क्षणभर थांबल्या. "ओढतोय की," म्हणाल्या, आणि गोधडीची घडी घालून स्वतःच पुढच्या सीटवर ठेवली.