पंखे फिरतात, स्क्रीन मात्र काळी

असेंबल्ड पीसीची सगळ्यात नेहमीची तक्रार: बटण दाबलं की पंखे गरगरतात, आरजीबी दिवे झगमगतात, आणि मॉनिटरवर ‘नो सिग्नल’. लोक लगेच ‘मदरबोर्ड गेला’ म्हणून मोकळे होतात. पण पंखे फिरले यावरून एवढंच कळतं, की एसएमपीएसमधून (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यातून) १२ व्होल्ट येताहेत. म्हणून नवीन पार्ट आणायला धावण्याआधी असलेले पार्ट काढत जा. खर्च शून्य, आणि दोष बहुतेक वेळा असाच सापडतो.

आधी मॉनिटरची केबल बघा. ती ग्राफिक्स कार्डात हवी, बोर्डाच्या एचडीएमआय पोर्टात नाही. आय५-१२४००एफ किंवा रायझन ५ ५६०० यांच्यात मुळात ग्राफिक्सच नाही, त्यामुळे त्यांच्यासोबत बोर्डावरचा पोर्ट म्हणजे निव्वळ शोभेचं भोक.

मग बोर्डाच्या कडेला, बहुधा बोर्डाला वीज देणाऱ्या २४-पिन कनेक्टरच्या आसपास, चार बारीक एलईडी शोधा: सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स कार्ड), बूट (विंडोज असलेली डिस्क). सुरू होताना ते एकामागून एक लागून विझतात. जो लागून राहतो, तिथे गाडी अडलेली असते. बोर्डावर हे दिवे नसतील तर स्पीकर हेडरला (बोर्डावरच्या स्पीकरच्या पिनांना) लावायचा छोटा बझर आणा आणि त्याचे बीप मोजून मॅन्युअलशी ताडून बघा.

सीपीयूचा दिवा अडला, तर बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातली, प्रोसेसरला वीज देणारी ८-पिन केबल आधी तपासा. ती लावायची राहिली तरी पंखे फिरतातच, आणि फसगत होते ती इथेच. सीपीयूची केबल ४+४ अशी दुभंगते, ग्राफिक्स कार्डाची ६+२ अशी. दोन्हींच्या खाचा वेगळ्या असतात, त्यामुळे जोर लावावा लागत असेल तर केबल चुकलीय असं समजा.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो डीरॅमच्या दिव्यावर. प्लग काढा, पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे साठलेला चार्ज उतरेल, आणि सगळ्या रॅम काढा. कोकणात पावसाळ्यात महिनाभर बंद पडून राहिलेला पीसी सुरू होत नसेल, तर पहिला संशय रॅमच्या कडेच्या सोनेरी संपर्कपट्ट्यांवरच घ्या. आपल्याकडे खोडरबर घासायची पद्धत आहे. चालते, पण सोन्याचा मुलामा अगदी पातळ असतो, म्हणून हात हलका ठेवा आणि रबराचा भुगा स्लॉटमध्ये जाऊ देऊ नका. त्यापेक्षा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड बरं.

आता एकच रॅम ए२ मध्ये बसवा. चार स्लॉटच्या बोर्डावर प्रोसेसरपासून मोजलेला तो दुसरा. बऱ्याच बोर्डांवर खटका एकाच टोकाला असतो. खटका वाजला, पण दुसरं टोक अर्धा मिलिमीटर वरच, असं हमखास होतं, म्हणून दोन्ही टोकं अंगठ्याने दाबा. प्रत्येक रॅम या एकाच स्लॉटमध्ये लावून बघा, मग जी चालली ती प्रत्येक स्लॉटमध्ये फिरवा. एक रॅम कुठेच चालत नसेल तर दोष त्या रॅमचा. एका स्लॉटमध्ये कुठलीच चालत नसेल तर मात्र नजर प्रोसेसरकडे वळवा. रॅमशी बोलणारा मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आत असतो, त्यामुळे सॉकेटमधली एखादी वाकलेली पिन किंवा एका बाजूने जास्त आवळलेला कूलर अख्खं चॅनल (रॅमचा एक मार्ग) बंद पाडू शकतो.

डीडीआर५ (नव्या पिढीची रॅम) वाल्यांसाठी, विशेषतः एएम५ (रायझनचं नवं सॉकेट) बोर्डावर, एक वेगळी सूचना. पहिल्यांदा सुरू करताना किंवा रॅम बदलल्यावर बोर्ड मेमरीचं ट्रेनिंग करतो, म्हणजे रॅमशी जुळणारी सेटिंग शोधतो, आणि कित्येक मिनिटं स्क्रीन काळीच राहते. घाई करून बटण दाबलं की सगळं पहिल्यापासून. चहा टाका, दहा मिनिटं थांबा. रॅमचा वेग वाढवणारं एक्सएमपी किंवा एक्सपो सेटिंग चालू केल्यावर अडलं असेल तर प्लग काढून बोर्डाची सेटिंग पुसणाऱ्या ‘क्लिअर सीमॉस’च्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने दहा सेकंद जोडा, किंवा बोर्डावरचा सीआर२०३२ हा गोल सेल पाच मिनिटं बाहेर ठेवा.

पीसी सुरू होतो पण गेम लावला की धाडकन बंद पडतो, अशा वेळी एसएमपीएसवर संशय घ्या. लोड चालू असताना एसएमपीएसच्या मोलेक्स या चार पिनांच्या कनेक्टरवर मल्टिमीटर लावा: एका टोकाला १२, दुसऱ्या टोकाला ५, मधले दोन ग्राउंड. १२ व्होल्टची पिन ११.४ ते १२.६ मध्ये हवी. पेपरक्लिपची चाचणी (२४-पिन कनेक्टरच्या दोन पिना क्लिपने जोडून एसएमपीएस चालवणं) फक्त एसएमपीएस सुरू होतो का ते सांगते, लोडखाली टिकतो का ते नाही. मॉड्युलर (सुट्या निघणाऱ्या केबलचा) एसएमपीएस बदलला की जुन्या केबल फेकाच. दोन कंपन्यांच्या केबल दिसायला सारख्या असल्या तरी एसएमपीएसकडच्या टोकाची पिनरचना वेगळी असू शकते आणि एका क्षणात हार्ड डिस्क जळते. आणि एसएमपीएस कधीही उघडू नका, प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्ट उरलेले असू शकतात.

कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येतात? मग घराचं अर्थिंग बघा. एसएमपीएसच्या फिल्टरमधले कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींना बॉडीशी जोडतात. अर्थ नसेल तर बॉडी मेन्सच्या निम्म्या व्होल्टेजवर, म्हणजे ११५ च्या आसपास तरंगते. करंट किरकोळ असला तरी एचडीएमआय केबल लावताना पोर्ट उडवायला पुरतो. जुन्या चाळींत आणि वाड्यांत तीन भोकांचं सॉकेट असतं, पण मागे तिसरी तारच नसते. मल्टिमीटरवर फेज-अर्थ २३० च्या जवळपास आणि न्यूट्रल-अर्थ जेमतेम एक-दोन व्होल्ट हवं. तसं नसेल तर काम वायरमनचं आहे, पीसीवाल्याचं नाही.

तापमानाचं थोडक्यात: नवा पीसी बायोसमध्येच (विंडोजच्या आधीच्या सेटिंगच्या स्क्रीनवर) नव्वदीपार जात असेल तर बहुधा कूलरच्या तळाची प्लास्टिकची पट्टी काढायची राहिलीय. एएम४ (रायझनचं जुनं सॉकेट) चा कूलर काढताना आधी पीसी थोडा तापवा, बंद करा आणि कूलर हलके पिळून सोडवा. सरळ ओढला तर प्रोसेसर सॉकेटातून उपटून येतो, पिना वाकतात.

एवढं करूनही काही नाही, तर बोर्ड कॅबिनेटबाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. प्रोसेसर, कूलर, एक रॅम, गरज असेल तर ग्राफिक्स कार्ड. बाकी काही नको, एम.२ एसएसडीसुद्धा काढा. पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडा. इथे चित्र उमटलं, तर कॅबिनेटच्या पत्र्यावर बॅटरी मारा: जिथे बोर्डाला भोक नाही तिथे उभा राहिलेला पितळी स्टँडऑफ (बोर्ड ज्यावर बसतो ती खुंटी), नाहीतर मागे घरंगळून अडकलेला एखादा स्क्रू दिसेल.