एका वेळी एकच डोळा

'सुबह-ए-बनारस, शाम-ए-अवध, शब-ए-मालवा' हे आमच्याकडे कुणीही ऐकवतो. दिवसभर कितीही तापलं तरी रात्री माळव्यात गार वारा सुटतो, म्हणून हे कौतुक. आम्ही इंदूरकरांनी त्या रात्रीचा सगळ्यात चांगला उपयोग काय शोधला, तर खाणं. सराफ्यात सोन्याचांदीची दुकानं बंद झाली की त्यांच्याच पायऱ्यांसमोर भुट्ट्याचा कीस नि गराडू सुरू, ते मध्यरात्र उलटेपर्यंत. या गावात रात्री दिवे मालवून, मान वर करून उभं राहणारी मंडळी आहेत हे मला निवृत्त होईपर्यंत ठाऊकच नव्हतं.

ठाऊक झालं ते भाच्याच्या दुर्बिणीमुळे. वाढदिवसाला हट्ट करून मागवलेली. खोक्यावर शनीचं झगझगीत चित्र आणि काहीशे पट मोठं दिसण्याचं आश्वासन. थोड्याच दिवसांत नळी कपाटावर गेली आणि स्टँडवर टॉवेल वाळू लागले. वहिनी म्हणाली, "वन्सं, तुम्ही आता मोकळ्याच आहात, कुणाला तरी दाखवून आणा." चौकशी करता करता पत्ता लागला तो एका हौशी खगोल मंडळाचा. मंडळ म्हणजे इमारत नाही, पाटी नाही. शनिवारी एका शाळेच्या गच्चीवर जमणारी माणसं. एक निवृत्त ड्राफ्ट्समन काका, औषधाच्या दुकानातला एक मुलगा, कॉलेजातल्या दोघी मुली. निम्मं बोलणं हिंदीत, निम्मं मराठीत, आणि 'भिया', म्हणजे भाऊ, दोन्हीकडे.

काकांनी दुर्बीण हातात घेतली, हलवून पाहिली. "आरसा बरा आहे हो. पाय लटपटतात. आणि हे पट मोजायचं सोडा. दुर्बिणीचं तोंड केवढं ते बघायचं असतं." तोंड मोठं, तर प्रकाश जास्त गोळा होतो, पट तर आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग, बदललं की बदलतात. हा हिशोब खोक्यावर कुणी छापत नाही.

त्यांची स्वतःची दुर्बीण 8 इंची, घरी केलेली. काचेच्या दोन जाड चकत्या, मध्ये कार्बोरंडमची भुकटी नि पाणी, आणि एक चकती दुसरीवर घासत राहायची. वरची हळूहळू खोलगट होते, खालची फुगीर. मग आणखी बारीक भुकटी, मग पॉलिश. शेवटी आरशाचा आकार प्रकाशाच्या एका लहरीच्याही अंशाइतका नेमका यावा लागतो, आणि तो हाताने येतो! खाली प्लायवूडची पेटी. तिच्या तळाला सनमायका, त्यावर टेफ्लॉनचे तीन तुकडे. एका बोटाने ढकलली की नळी सरकते, बोट काढलं की जिथल्या तिथे थांबते. ही साधी बैठक जगभर लोकप्रिय केली जॉन डॉब्सन या अमेरिकनाने. गंमत म्हणजे हा गृहस्थ सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त मठात 1944 पासून 23 वर्षं संन्यासी होता, आणि दुर्बिणींच्या नादापायीच त्याला मठ सोडावा लागला. नंतर तो रस्त्याच्या कडेला दुर्बीण लावून येणाऱ्याजाणाऱ्याला बोलवत असे. काका त्याचं नाव घेतात तेव्हा आवाज जरा वेगळा होतो.

दुर्बिणीतून एका वेळी एकच माणूस बघू शकतो, तेही एका डोळ्याने. बाकीचे रांगेत. पुढच्याला काय दिसतंय ते मागच्याला कळायला मार्ग नाही. तो "अरे बाप रे" म्हणतो आणि आपण त्याच्या पाठीकडे बघत उभे. असं एकेकट्याने करायचं काम, त्याला मंडळ कशाला, असं मलाही वाटलं होतं. पण माझी पाळी आली, देवयानी दीर्घिका, म्हणजे ताऱ्यांचा एक दूरचा प्रचंड समूह, लावलेली, आणि मला काही म्हणजे काही दिसेना.

"काका, काळोख आहे नुसता."

"चष्मा काढा. हा फोकस फिरवा. आता मधोमध बघू नका, थोडं बाजूला बघा."

ज्याला बघायचं त्याच्याकडे बघायचं नाही! पण बाजूला नजर नेली आणि काचेवर बोट लागून उठावा तसा एक लांबट पांढुरका डाग तिथे आला. सरळ बघितलं की गेला. डोळ्याच्या मध्यभागी रंग नि बारकावे टिपणाऱ्या पेशी दाटीने असतात, त्यांना अंधारात फारसं सुचत नाही. मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशी मध्य सोडून भोवती असतात. म्हणून ही तिरकी नजर. त्या डागातला उजेड 25 लाख वर्षांपूर्वी निघालेला, हे काकांनी सांगितलं खरं, पण माझं लक्ष तेव्हा डाग सांभाळण्यात होतं. छायाचित्रातला निळा-गुलाबी थाट यात कुठेच नसतो. ज्यांना तो हवा त्यांनी फोन बघावा. नाहीतरी कुणीतरी फोन काढतोच, आणि मग सगळी गच्ची ओरडते, कारण डोळे अंधाराला पुरते सरावायला अर्धा तास लागतो नि पडद्याच्या एका झोताने ते परत पहिल्यापासून. टॉर्चला लाल जिलेटीन कागद लावलेला असतो तो याचसाठी. लाल उजेडाचं त्या पेशींना फारसं काही वाटत नाही.

बाजूला बघा, हे कुणीतरी कानाशी सांगावं लागतं. भाच्याच्या दुर्बिणीत नेमकं तेवढंच नव्हतं.

पट वाढवले की आणखी एक मजा. गुरू मधोमध आणून ठेवावा, आणि मिनिटभरात तो कडेला जाऊन नाहीसा होतो. नळी हललेली नसते. आपण हललेलो असतो, गच्चीसकट. पृथ्वी फिरते हे शाळेत पाठ केलं, पण तिचा वेग असा बोटाने नळी सरकवत सरकवत कधी मोजला नव्हता.

मराठी घरातून आलेल्याला नावं मात्र शिकावी लागत नाहीत. रोहिणी, मघा, चित्रा, स्वाती सगळ्या कानावरून गेलेल्या. आजी जून लागला की "मृग लागला" म्हणायची. आकाशात बोट दाखवून मृग कोणता ते कधी सांगितलं नाही. सांगणार कसं? मृग लागला म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात आला, तेव्हा ते दिवसा त्याच्याबरोबरच असतं. मृग बघायचा तो थंडीत. पोटात घुसलेला तीन ताऱ्यांचा बाण, मागे लखलखणारा व्याध, आणि व्याधाच्याही खूप खाली दक्षिणेला अगस्त्य. इंदूरहून अगस्त्य क्षितिजापासून फार तर 15 अंश चढतो, म्हणजे लांब केलेल्या हाताच्या दीड मुठी. शाळेच्या दक्षिणेला नवीन सहा मजली इमारत झाल्यापासून आमच्या गच्चीवरून तो गेलाच. इमारतीवरच्या जाहिरातीच्या दिव्यांबद्दल मी इथे लिहीत नाही, रक्तदाब वाढतो.

जूनमध्येही बघण्यासारखं असतं, फक्त मान खाली घालावी लागते. इंदूर कर्कवृत्ताच्या थोडं दक्षिणेला, म्हणून जूनच्या आणि पुन्हा जुलैच्या सुरुवातीला सूर्य बरोबर डोक्यावर येतो नि उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. बाराच्या ठोक्याला मात्र नाही. भारताची घड्याळं 82.5 अंश रेखांशावर लावलेली आणि आपण पार पश्चिमेला, त्यामुळे साडेबाराच्या आसपास. उज्जैनच्या वेधशाळेतलं सम्राट यंत्र, म्हणजे दगडी सावलीचं घड्याळ, तिथली स्थानिक वेळ दाखवतं, आपल्या घड्याळामागे सुमारे 27 मिनिटं. तारखेप्रमाणे थोडी आणखी दुरुस्ती. माळव्याचा सुभेदार असलेल्या सवाई जयसिंगाने ती वेधशाळा बांधली, आणि 1923 मध्ये माधवराव शिंद्यांनी दुरुस्त करवली. जवळून बघितलं तर यंत्रावर पडणाऱ्या सावलीची कड सुरीसारखी नसते, पुसट असते. सूर्य बिंदू नाही, थाळी आहे, म्हणून. दगडात कोरलेल्या रेघा इतक्या नेमक्या आणि सावलीच अशी, यावर काका नि औषधवाला मुलगा तिथे उन्हात बराच वेळ वाद घालत होते.

पावसाळ्यात मंडळ जवळजवळ झोपतं. 22 जुलै 2009 च्या खग्रास ग्रहणाची पट्टी सुरत, बडोदा, इंदूर, भोपाळ अशी गेली. गावावरून, घरबसल्या, आणि नेमकी जुलैत! जुने सभासद अजून त्या सकाळच्या ढगांना नावं ठेवतात. आकाश धुऊन निघतं ते आश्विनात, आणि तिथली पहिली चांगली अमावास्या आपण फटाक्यांच्या धुरात घालवतो. म्हणून खरी वाट असते कार्तिक-मार्गशीर्षाच्या अमावास्यांची. तेव्हा गाड्या काढून महूच्या पलीकडे जानापावला जायचं की चोरलला, यावर दरवर्षी दोन तट पडतात. जानापाव उंच, पण वारा झोंबतो. चोरलला वारा नाही, पण दव पडून आरसे ओले होतात. भाचा यंदा जानापावच्या बाजूने आहे. त्याच्या दुर्बिणीला काकांनी प्लायवूडची नवीन पेटी करून दिली आहे आणि ती वाऱ्यात हलते का ते त्याला बघायचंय. वहिनी विचारत होती, टॉवेल वाळवायचं स्टँड परत मिळेल का.