पांढरं कोनफ्लॉवर, बियांपासून

कोनफ्लॉवर म्हटलं की डोळ्यांसमोर येतं ते जांभळट गुलाबी फूल. मला मात्र पांढरंच हवं होतं, आणि तेही बी पेरून. तयार रोपांत रंगाची खात्री असते हे खरं, पण बियांपासून वाढवलेलं झाड आपल्या मातीला सुरुवातीपासून सरावतं आणि मुळं न दुखावता वाढतं, असं माझं मत आहे. मी ‘व्हाईट स्वान’ ही जुनी, भरवशाची जात निवडली. बियांतूनही तिचा पांढरा रंग बऱ्यापैकी टिकतो.

हे झाड मूळचं उत्तर अमेरिकेच्या मध्य आणि पूर्व भागातलं. तिथे बी शरद ऋतूत जमिनीवर पडतं, हिवाळाभर गारठ्यात, ओलीत राहतं आणि वसंतात उगवतं. ते आठवून मी बी ओलसर वाळूत कालवलं, झाकणाच्या डबीत भरलं आणि चार ते सहा आठवडे फ्रिजमध्ये ठेवलं. थंडी न देताही काही बी उगवतं, पण मागेपुढे, विखुरलेलं. पेरताना ते जेमतेम अर्धा सेंटीमीटर खोल गेलं पाहिजे. माती ओलसर असावी, चिखल नको. वीस अंशांच्या आसपास तापमान असेल तर साधारण दोन आठवड्यांत कोंब दिसतात. पहिली दोन पानं गुळगुळीत असतात, त्यानंतरची खरखरीत आणि लवदार. ही खरखरीत पानं आली की रोप तगणार असं मी समजते.

वाफ्यात लावताना दोन रोपांत 45 सेंटीमीटर अंतर ठेवलं. सुरुवातीला वाफा अगदी ओकाबोका दिसतो, आणि मधे काहीतरी लावायचा मोह होतो. तो आवरावा, कारण खेळती हवा नसली की पानांवर भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, येते. जागा निवडताना दोनच गोष्टी पाहिल्या: रोज किमान सहा तास ऊन आणि पाण्याचा चांगला निचरा. कोनफ्लॉवर उन्हाने सहसा मरत नाही, ते मरतं बुडाशी साचलेल्या पाण्याने. म्हणून बूड जमिनीच्या पातळीपेक्षा किंचित वर ठेवलं आणि खत म्हणाल तर लावताना एकदाच, मूठभर कुजलेलं कंपोस्ट. नत्र जास्त झालं की झाड नुसतं पाल्यावर जातं आणि दांडे लोळतात.

पहिलं वर्ष बहुतेक पानांचंच असतं. जमिनीलगत पानांचा झुपका वाढतो आणि खाली मुळं पसरतात. हिवाळ्यात वरचा भाग वाळून जातो, तेव्हा झाड मेलं समजून उपटू नका. बुडाशी डोळे जिवंत असतात.

दुसऱ्या वर्षी कळ्या आल्या. आधी मधला हिरवा गड्डा दिसतो. त्याच्या कडेने पाकळ्या निघतात त्या हिरवट, आखूड आणि उभ्या. मग हळूहळू आडव्या होत पांढऱ्या पडतात. उमललेलं फूल हाताएवढ्या अंतरावरून पाहिलं, तर मधला उंचवटा म्हणजे टोकदार, नारिंगी काट्यांची दाटी दिसते. त्या काट्यांच्या मधे बारीक फुलं असतात. ती कडेपासून मध्याकडे वळ्यावळ्याने उमलत जातात आणि परागाचं पिवळं कडं रोज थोडं वर सरकतं. मधमाश्या नेमक्या त्याच कड्यावर फिरत असतात. मला या कड्यापुढे पाकळ्यांचं फारसं कौतुक वाटत नाही.

माझ्या एका झाडाची फुलं हिरवीच राहिली आणि मधल्या गड्ड्यातून पानांचे वेडेवाकडे तुरे निघाले. हा ॲस्टर यलोज नावाचा रोग. तुडतुड्यांमार्फत पसरणाऱ्या फायटोप्लाझ्मा या सूक्ष्म जिवाणूंमुळे तो होतो आणि त्यावर औषध नाही. फक्त वेडं फूल कापून भागत नाही, कारण रोग सगळ्या झाडात भिनलेला असतो. जीवावर आलं, पण झाड मुळासकट काढलं. बाकीची वाचली.

खरी कसोटी पुढच्या पिढीची. कोनफ्लॉवरला स्वतःचा पराग सहसा चालत नाही, दुसऱ्या झाडाचा लागतो. जवळ गुलाबी झाडं असली तर मधमाश्या तो पराग आणणारच, आणि पांढऱ्याच्या बियांतून गुलाबी फुलं निघू शकतात. माझ्याकडे दोन्ही रंग होते. म्हणून दोन पांढऱ्या झाडांची काही फुलं उमलण्याआधीच पातळ जाळीच्या पिशवीत बांधली. मग उमलत्या कड्यावर रोज सकाळी मऊ ब्रश फिरवून एकाचा पराग दुसऱ्याला आणि दुसऱ्याचा पहिल्याला दिला. कडं वर सरकतं, त्यामुळे हे एका दिवसात उरकत नाही. शेंड्यापर्यंत रोज जावं लागतं. अशा फुलांच्या दांड्यांना दोरा बांधून ठेवला, म्हणजे सुकल्यावर चुकामूक होत नाही.

बाकीची सुकलेली फुलं कापत राहिले की नव्या कळ्या येतात. दोरा बांधलेले गड्डे मात्र काळपट, ठिसूळ होईपर्यंत झाडावरच ठेवले. ते चांगलेच टोचतात, हातमोजे घालूनच चुरावेत. भरलेलं बी फिकट, चौकोनी आणि बोटांत कडक लागतं. पोचट बी दाबलं की चपटं होतं, ते फुंकून टाकलं. निवडलेलं बी कागदी पाकिटात घालून त्यावर दोन्ही झाडांची खूण लिहिली आहे. यातली रोपं मी वेगळ्या वाफ्यात लावणार आहे आणि पहिलं फूल पाहिल्याशिवाय एकही कोणाला पांढरं म्हणून देणार नाही.