अमुक ग्रामस्थ मंडळ, मुंबई

रत्नागिरी जिल्ह्यातल्या कुठल्याही गावाच्या नावापुढे ‘ग्रामस्थ मंडळ, मुंबई’ एवढं जोडा; परळ, लालबाग, काळाचौकीच्या एखाद्या चाळीत त्या मंडळाची खोली सापडायचीच. खोली म्हणजे गावकीचा गाळा. गिरणीत लागलेले चाकरमानी तिथे पाळीपाळीने झोपायचे. एकजण कामावर गेला की रात्रपाळी करून आलेला दुसरा त्याच जागेवर पथारी टाकायचा. ट्रंका भिंतीला, कपडे दोरीवर, जेवण खानावळवाल्या बाईकडे. खोलीचं भाडं, आजारी माणसाला गावी पाठवायचा खर्च, कुणी गेलंच तर पुढचं सगळं, अशा गोष्टींसाठी मंडळं निघाली. वार्षिक स्नेहसंमेलन ही त्यांची हौस.

आमचं संमेलन सव्वीस जानेवारीच्या आगेमागे असायचं, कारण सुट्टी. हॉल परळचा दामोदर. ना. म. जोशींनी १९११ साली सोशल सर्व्हिस लीग काढली, तिचं हे नाट्यगृह १९२२ पासूनचं. गिरणी कामगारांची नाटकं, नमनं (कोकणातली लोकनाट्यं), शाहिरी यांनी ते दणाणलेलं असे. आम्हा पोरांना यातलं काही ठाऊक नव्हतं. आम्हाला माहीत होत्या त्या उठलं की खाडकन मिटणाऱ्या खुर्च्या, आणि मध्यंतरातला बटाटेवडा.

सकाळी सर्वसाधारण सभा. मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे, अहवाल, जमाखर्चाला मंजुरी, इथपर्यंत सगळे जांभया देत. मग चिटणीस म्हणायचे, ‘आयत्या वेळचे विषय’, आणि हॉल जागा व्हायचा. पालखीच्या वेळी मुंबईकरांना मान का मिळाला नाही, वाडीच्या विहिरीला दिलेल्या पैशांतून सिमेंट किती आलं, सगळं तिथेच निघायचं. गिरणीत जॉबरसमोर, म्हणजे मुकादमासमोर, मान वर न करणारा माणूस इथे उठून ‘अध्यक्षमहाराज, माझा एक प्रश्न आहे’ म्हणायचा. सातवी नापास माणसं जमाखर्चातली पावणेदोन रुपयांची तफावत धरून तासभर भांडायची. लोकशाही वगैरे मोठे शब्द मी पुढे कॉलेजात ऐकले, पण ठराव कसा मांडायचा, त्याला अनुमोदक लागतो आणि हरल्यावरही दुपारच्या पंगतीत त्याच माणसाशेजारी बसायचं असतं, हे सगळं तिथे आधीच बघितलं होतं.

दुपारी महिलांचं हळदीकुंकू, मग गुणगौरव. दहावी-बारावी झालेल्यांना नारळ, गुलाबाचं फूल आणि मंडळाचा शिक्का मारलेल्या वह्या. निवेदक नाव पुकारताना आधी वाडी, मग बापाचं नाव, मग मुलाचं नाव घ्यायचा. मार्क शेवटी. स्टेजवरून खाली उतरेपर्यंत चार म्हातारे ‘तू कुणाचा रे?’ विचारायचे आणि उत्तर मिळालं की ‘तरीच!’ म्हणायचे. त्या ‘तरीच’चं ओझं असायचं. पुढे गल्लीच्या तोंडाशी सिगरेट ओढताना कुणीतरी बघेल ही धास्ती पोलिसाची नव्हती, वाडीतल्या माणसाची होती. काहींना त्याचा काच झाला, ते मंडळाकडे फिरकेनासे झाले. मी त्यांना दोष देणार नाही. ज्या खोलीत तुम्हाला सगळे ओळखतात, तिथे दुसरं कुणी होऊन बघायची सोय नसते.

संध्याकाळी नमन. गण, गवळण, मग वग. काळा झगा आणि उंच टोकदार टोपी घातलेला संकासूर आला की पुढच्या रांगेतली लहान पोरं आईच्या पदरात. पण माझी नजर राधेवर असायची. आमची राधा विणाई खात्यात कामाला होती. आमचे काकाच ते. मिशी काढायची की पावडरीखाली झाकायची, यावर दरवर्षी वाद, आणि दरवर्षी मिशी जायची. वैनींचं नऊवारी, खांद्यावर सेफ्टी पिनांची रांग, कानात दाबाची कर्णफुलं. साच्यांच्या खडखडाटात उभ्या आयुष्याने काकांना ओरडून बोलायची सवय लावलेली, पण पेंद्याशी बोलताना हाच माणूस असा काही लाजत पदर ओढायचा की बायका तोंडात बोट घालत. दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला बिनमिशीचे काका गिरणीत गेले की खातं हसायचं. काकांना त्याचं काही वाटायचं नाही. उलट मिशी पूर्ण येईपर्यंत ते जरा ऐटीतच असत.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. त्या वर्षी हॉल घेतला नाही. कितीतरी माणसं गाठोडं बांधून गावी गेली, काही परत आलीच नाहीत. सभा चाळीच्या पटांगणात झाली, नमन झालं नाही, वह्या मात्र वाटल्या. वर्गणी थकलेल्यांची नावं वाचायची पद्धत होती. चिटणिसांनी ते पान उलटलं आणि पुढचा विषय घेतला. कुणी हरकत घेतली नाही, आयत्या वेळच्या विषयांतसुद्धा नाही.

हे सगळं आठवताना गोड गोडच लिहायचा मोह होतो. म्हणून सांगतो, आमचं ‘ग्रामस्थ मंडळ’ म्हणजे सगळे ग्रामस्थ नव्हते. गाव मुंबईला आलं ते वाडीवाडीने आलं आणि वाड्या जातीने बसलेल्या. बौद्धवाडीचं मंडळ वेगळं, त्यांचं संमेलन वेगळं. गिरणीत एकाच खात्यात, संपात एकाच मोर्चात, पण संमेलनाच्या पत्रिकेवर कधीच एकत्र नाही. मंडळाने आम्हाला सभेत बोलायला शिकवलं आणि कुणाशी बोलायचं याच्या भिंतीही तिथल्याच. बायकांचंही तेच. हळदीकुंकू त्यांचं, पंगतीचा स्वयंपाक त्यांचा. कार्यकारिणीच्या यादीत मात्र एकही नाव नाही. नमनातली बाईसुद्धा पुरुषच.

आता गिरण्यांच्या जागी टॉवर आहेत, दामोदरही २०२३च्या अखेरीस पुनर्बांधणीसाठी बंद झालं. माणसं विरार, नालासोपारा, दिवा, डोंबिवलीकडे पांगली. संमेलन हल्ली विरारच्या एका हॉलमध्ये होतं. नमनाऐवजी ऑर्केस्ट्रा आणावा असा ठराव एकदा आला होता, तो पडला. गेल्या सभेत जमाखर्च वाचून झाल्यावर नालासोपाऱ्याची एक मुलगी उठली. देवळाच्या शेडसाठी आगाऊ दिलेल्या रकमेची पावती कुठाय, असं तिने विचारलं. खजिनदार म्हणाले, गावी आहे. ती म्हणाली, मग फोटो मागवा, मी थांबते. आणि खरंच उभी राहिली. मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने शेजाऱ्याला विचारलं, ‘ही कुणाची रे?’ फोटो यायला बराच वेळ लागला. तोवर जेवणं खोळंबली.