दिएगो फोरलान: गोल आणि जागा

अर्जेंटिनाच्या इंडिपेंडिएंटे क्लबकडून नाव कमावून उरुग्वेचा स्ट्रायकर, म्हणजे गोल करणारा आघाडीचा खेळाडू, दिएगो फोरलान जानेवारी २००२मध्ये मँचेस्टर युनायटेडमध्ये आला, आणि तिथे पहिला गोल करायला त्याला जवळजवळ आठ महिने लागले. तोही मक्काबी हैफाविरुद्ध, पेनल्टीवर. तोवर प्रतिस्पर्धी संघांच्या पाठीराख्यांनी त्याची यथेच्छ टर उडवली होती. मात्र त्या काळात संघाचा पहिला स्ट्रायकर रूड व्हान निस्टलरॉय होता आणि फोरलानला बऱ्याचदा बदली खेळाडू म्हणून उरलीसुरली मिनिटे मिळत होती, ही गोष्ट टर उडवणारे सोयीस्करपणे विसरत. स्ट्रायकरला आपण गोलांच्या तागडीत तोलतो, पण त्याला मैदानात कुठे उभे केले आहे आणि चेंडू कोण पुरवतो आहे, हे पाहिल्याशिवाय त्या वजनाला फारसा अर्थ नसतो. फोरलानची कारकीर्द पाहताना मला हे वारंवार जाणवते.

युनायटेडमधली त्याची एक दुपार मात्र कोणी विसरत नाही. १ डिसेंबर २००२ रोजी अॅनफिल्डवर लिव्हरपूलच्या कॅरॅगरने डोक्याने मागे दिलेला साधा चेंडू गोलरक्षक दुदेकच्या हातांतून निसटला आणि मागावर असलेल्या फोरलानने तो रिकाम्या जाळ्यात ढकलला. तीन मिनिटांत त्याने दुसरा गोल केला आणि सामना युनायटेडने २-१ असा जिंकला. पहिला गोल नशिबाचा म्हणणाऱ्यांनी एवढे पाहावे की दुदेकची चूक होण्याआधीच हा माणूस त्या दिशेने धावत होता.

२००४मध्ये तो स्पेनच्या व्हियारेआलला गेला. जेमतेम पन्नासेक हजार वस्तीच्या या गावाच्या संघात मधल्या फळीतून चेंडू पुरवणारा हुआन रोमान रिकेल्मे होता, आणि फोरलान कोणत्या क्षणी बचावफळीच्या मागे सुटणार हे त्याला अचूक ठाऊक असे. पहिल्याच हंगामात फोरलानने ला लीगात २५ गोल केले आणि युरोपातल्या लीगांमधल्या सर्वाधिक गोलांसाठीचा सोनेरी बूट थिएरी ऑन्रीच्या बरोबरीने पटकावला. पाय तेच होते, दोन्ही सारख्याच ताकदीचे. बदलला होता तो पुरवठा. पुढे अॅटलेटिको माद्रिदमध्ये, सर्जिओ अग्वेरोच्या जोडीने, २००८-०९च्या हंगामात ३२ गोल करून त्याने तो बूट पुन्हा मिळवला, या वेळी एकट्याने. मे २०१०मध्ये हॅम्बर्गला युरोपा लीगच्या अंतिम सामन्यात फुलहॅमविरुद्ध दोन्ही गोल त्याचेच होते. जादा वेळेच्या ११६व्या मिनिटाला अग्वेरोने डावीकडून चेंडू आत टाकला, आणि फोरलानने जवळच्या खांबापुढे धाव घेऊन त्याला पायाचा हलका स्पर्श दिला. एवढ्यावर चषक माद्रिदला गेला.

त्यानंतर महिन्याभरातच दक्षिण आफ्रिकेत विश्वचषक सुरू झाला. फ्रान्सविरुद्धची पहिली लढत गोलशून्य सुटल्यावर उरुग्वेचे प्रशिक्षक ऑस्कर तबारेस यांनी फोरलानला थोडे मागे खेचले आणि लुइस सुआरेस व एडिन्सन कावानी यांना पुढे ठेवले. स्ट्रायकरला गोलपासून दूर नेणे हा वरकरणी उफराटा निर्णय, पण त्यामुळे चेंडू त्याच्या पायाशी लवकर येऊ लागला आणि लांबून फटके मारायला मोकळी जागा मिळाली. त्या स्पर्धेतल्या, हवेत लहरीपणे वळणाऱ्या जाबुलानी चेंडूच्या नावाने अनेक गोलरक्षकांनी आणि खेळाडूंनी बोटे मोडली. फोरलानने त्याच चेंडूने घाना आणि हॉलंडविरुद्ध लांबून गोल केले. तिसऱ्या क्रमांकासाठीच्या लढतीत जर्मनीविरुद्ध त्याने उजवीकडून आलेला चेंडू हवेतच जमिनीकडे दाबून मारला. सामन्यातला अगदी शेवटचा फटका, त्याची फ्री किक, आडव्या खांबावर आदळली आणि उरुग्वे ३-२ हरला. पाच गोल आणि स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून सोनेरी चेंडू त्याच्या पदरात पडला. पुढच्या वर्षी दक्षिण अमेरिकी देशांच्या कोपा अमेरिका स्पर्धेच्या अंतिम सामन्यात त्याने पॅराग्वेविरुद्ध दोन गोल केले आणि प्रशिक्षक आजोबा, खेळाडू वडील व तो स्वतः अशा तीन पिढ्यांच्या नावावर ही स्पर्धा लागली.

इंटर मिलानचे वर्ष फुकट गेले. आधीच्या संघाकडून युरोपा लीगची पात्रता फेरी खेळल्यामुळे त्याला चॅम्पियन्स लीगच्या साखळी सामन्यांत उतरता आले नाही, ही बाब करार करताना कुणाच्याच लक्षात आली नसावी याचे मला अजून नवल वाटते. इटलीच्या लीगमध्ये त्याच्या नावावर फक्त दोन गोल आहेत. पुढे ब्राझीलचा इंटरनॅसिओनाल, मग जपानचा सेरेसो ओसाका, जो २०१४मध्ये थेट दुसऱ्या श्रेणीत घसरला. त्यानंतर वडिलांचा जुना क्लब पेन्यारोल आणि तिथे लीगचे विजेतेपद.

२०१६मध्ये तो मुंबई सिटीकडून खेळायला आला तेव्हा ३७ वर्षांचा होता. इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) त्या सुरुवातीच्या हंगामांत बाहेरून आलेल्या नामवंतांना आम्ही काही जण सर्रास 'पेन्शनर' म्हणत असू. फोरलानला ते लागू पडत नव्हते. पळण्याची हौस त्याने कधीच सोडली होती, पण फ्री किक आणि कॉर्नर तोच घेई आणि दोन बचावपटूंच्या मधली फट त्याला इतरांआधी दिसे. १९ नोव्हेंबरला अंधेरीत केरळ ब्लास्टर्सचा ५-० असा फडशा पडला, त्यात त्याची हॅटट्रिक होती. प्रशिक्षक अलेक्झांद्रे गिमारेस यांच्या हाताखाली मुंबईने साखळीत पहिले स्थान मिळवले. दोन सामन्यांच्या उपांत्य फेरीत कोलकात्यातल्या पहिल्या सामन्यात मात्र दुसरे पिवळे कार्ड मिळून तो बाहेर गेला, मुंबई ३-२ अशी हरली आणि अंधेरीतला परतीचा सामना त्याच्याविना ०-० सुटला. एका गोलची गरज असलेल्या संघाकडे गोल करणारा माणूसच नव्हता. ते दुसरे कार्ड सहज टाळता आले असते, असे माझे मत आजही कायम आहे.

२०१८मध्ये त्याने हाँगकाँगच्या किचीकडून मोजके सामने खेळले, तिथेही गोल केले, लीगही जिंकली, आणि ऑगस्ट २०१९मध्ये व्यावसायिक फुटबॉलमधून निवृत्ती जाहीर केली.